कुत्र्यासाठी चार अटी

१४ नोव्हेंबर, मंगळवार

घर मिळालं! म्हणजे मिळालं नाही अजून, पण बघितलं आणि मनात भरलं. तळमजला, बाहेर दोनच पायऱ्या. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. आणि खिडकीतून सेबोमचं दार दिसतं — गल्लीच्या त्या टोकाचं निळं, बाहेर बाळाची गाडी. पणतू रडला तर मला इथे ऐकू येईल. सेबोमला म्हटलं, तू घरी जा नि त्याला हळूच चिमटा काढ, बघू आवाज येतो का. डोळे वटारले तिने. नात कसली, सासूच ती.

बाळाने आज माझं बोट धरलं ते सोडेचना. बोटाला अजून त्याचा वास आहे. भांडी घासायची आहेत, पण घासवत नाहीत.

सेबोम इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. अकरा डिसेंबरला तिची रजा संपते. त्याच्या आत मी बेटावरचं घर सोडून इथे कुनसान शहरात आले तर बाळ माझ्यापाशी राहील. नाही आले तर पाळणाघर, आणि पाळणाघरात पुढच्या वसंतापर्यंत जागा नाही, म्हणजे तिची नोकरी जाणार. नवरा तिचा जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतो. तेव्हा जे काही करायचं ते मलाच.

घरमालकीण ह्वांग बाई वरच्या मजल्यावर राहतात. चर्चमध्ये मोठ्या मानाच्या आहेत म्हणे. घर सगळं नवं करून घेतलंय त्यांनी — भिंतींना नवा कागद, खाली नवी शीट, दार उघडलं की गोंदाचा वास. इतकं नवं करूनही उन्हाळ्यापासून रिकामं. मी विचारलं, का बरं? दलाल मेंगशेठ बुटांकडे बघत म्हणाले, मंदी आहे. मग म्हणाले, एकट्या म्हाताऱ्या माणसाला घर द्यायला कुणी तयार होत नाही आजी, तुमचं नशीब.

मी म्हटलं, एकटी कुठे? माझा कुत्रा आहे की.

तिथेच गाडी अडली.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून तीनदा फोन उचलून कानाला लावला. चालू आहे. कुणी करत नाहीये, एवढंच.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेंगशेठच्या दुकानात जाऊन आले. जाता-येता बस, पाठीचा पार चुरा झाला.

ह्वांग बाई कुत्र्याला हो म्हणाल्या! पण कराराला एक कागद जोडला आहे. मेंगशेठ वाचून दाखवायला निघाले तर मी हात पुढे केला. म्हटलं, द्या इकडे. तीन वर्षं अक्षरवर्गाला जातेय ती काय चहा प्यायला? वर्गातल्या बाई सांगतात, रोज लिहा, कुणाला दाखवू नका, चुकलं तरी खोडू नका. म्हणून ही वही. पण वाचायला कुणी काही दिलं की छाती धडधडते अजून. बोट ठेवून ठेवून वाचलं. मेंगशेठची कॉफी निवून गेली.

घर सोडताना सगळ्या भिंतींचा कागद भाडेकरणीने नवा लावून द्यायचा. जमिनीची शीटही नवी. हे दोन झाले. तिसऱ्या कलमात, वास काढणारे लोक यंत्र घेऊन येतात, त्यांच्याकडून घर धुऊन घ्यायचं, आणि वास गेला की नाही ते घरमालकीण ठरवणार. नाक तिचं, पैसे माझे! चौथं वाचून तर मी बोट उचललंच. कुत्रं भुंकलं तर दोनदा समज. तिसऱ्यांदा कुत्रं घराबाहेर.

मेंगशेठ म्हणाले, सही करून टाका आजी, घर सोडाल तेव्हाचं तेव्हा बघू.

म्हटलं, शेठ, मी एकोणऐंशीची. ते घर मी सोडीन तेव्हा आडवी होऊन सोडीन. तेव्हा कुणाला बोलवाल कागद लावायला?

मी हसले. त्यांना हसू आलं नाही. निवलेली कॉफी एका दमात प्यायले.

१८ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या जावेकडे किमचीचे कोबी मिठात घालायला गेले. शंभरएक गड्डे. दरवर्षी हात चालतात तसं तोंड चालतं, पण आज माझं लक्ष नव्हतं. एका गड्ड्याला दोनदा मीठ लावलं. जाऊ मला म्हणाली, माल-सुन बाई, अजून शहरात गेल्या नाहीत तोवर आम्हाला विसरल्या.

डोक्यात सारखं चौथं कलम.

नुरुंजी भुंकतो. खोटं कशाला सांगू? पातेल्याच्या बुडाला भाताची खरवड धरते ना, तोच रंग, म्हणून नाव नुरुंजी. अंगाने कोबीच्या गड्ड्याएवढा आणि आवाज बैलाचा. खेकडेवाल्याची गाडी भोंगा वाजवत आली की तो तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडतो. खेकडेवाला म्हणतो, आजी, याला माझ्या गाडीवर द्या, भोंग्याची बॅटरी वाचेल.

सेबोमने फोनवर सांगितलं, कुत्र्याच्या गळ्यात एक पट्टा मिळतो, भुंकला की झटका बसतो. मी म्हटलं, तो पट्टा आधी तुझ्या आजीला बांध. जास्त तीच बोलते.

हसून हसून बाळ जागं झालं. मला फोनवर त्याचं कुईकुई ऐकू आलं! आज दिवसभर तेच ऐकतेय कानात.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज समोरासमोर बसलो. ह्वांग बाई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, केस काळेभोर रंगवलेले, कोटाला एक सुरकुती नाही. मला म्हणतात, 'आजी.' सत्तरीची बाई मला आजी म्हणते! मी पण म्हटलं, बोल गं मुली. मेंगशेठनी खोकल्याचं नाटक केलं.

मी बाजारात शिंपल्या विकल्यात तीस वर्षं. भाव करताना पहिल्यांदा समोरच्याच्या मालाची तारीफ करायची. म्हटलं, घर कसं आरशासारखं ठेवलंयत बाई. त्या जरा सैलावल्या. मग म्हटलं, तो छतापर्यंतचा कागद तेवढा मला कळला नाही. माझा कुत्रा भिंतीवर चालतो का?

'घासतो. केस चिकटतात. वास बसतो.'

'जिथवर पोचतो तिथवर ना? त्याच्या वरचा कागद त्याने बघितलेलासुद्धा नसतो.'

नुरुंजी पिशवीतच होता माझ्या. बाहेर काढून टेबलावर उभा केला. मेंगशेठनी ड्रॉवरातून टेप काढली नि विचारलं, कानासकट धरायचं की कान सोडून? ह्वांग बाई म्हणाल्या, कान उभे करून. नुरुंजीचे कान आयुष्यात उभे राहिले नाहीत. मी दोन बोटांनी धरून उभे केले. तो बिचारा मेंगशेठचा हात चाटत बसला.

शेवटी ठरलं — खालून गुडघ्याइतका कागद माझ्याकडे. वरचा त्यांच्याकडे. मेंगशेठ म्हणाले, अर्ध्या भिंतीचा कागद मी तीस वर्षांत लिहिला नाही. मी सांगितलं, माझ्या माहेरी खालच्या पट्टीचा कागद वेगळाच असायचा, पोरांच्या लाथा तिथेच बसतात म्हणून. शीटचंही तसंच. नखं लागतील तेवढीच बदलायची. इथवर मी जिंकले, मनात उड्या मारत होते.

पण वास आणि भुंकणं — त्या दोन गोष्टींना बाई हात लावू देईनात. तिसऱ्या कलमावर मी नाना परीने बोलले. रोज पुसून काढीन, दर रविवारी अंघोळ घालीन, तुम्ही येऊन हुंगून जा. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. चौथ्यावर तर चेहराच बदलला. रागाचा नव्हे. कसला ते मला समजलं नाही. म्हणाल्या, 'खालून भुंकल्याचा आवाज आला की मला सहन होत नाही. आजी, ते नका मागू.'

पंधरवड्याने, पाच तारखेला सही. सहा तारखेला सामान. तोवर विचार करा म्हणाल्या.

मी कसला विचार करू? सामान बांधून झालंय.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. सहा डिसेंबर म्हणजे चंद्राची चोविसावी तिथी! त्या दिवशी चारी दिशांना बाधा मोकळी फिरत असते, घर हलवायचं नसतं. नऊ नि शून्याने संपणाऱ्या तिथीलाच ती वर आभाळात गेलेली असते. सेबोमला कळवलं तर म्हणते, चांगल्या दिवसाला गाडीवाले दुप्पट घेतात आजी, आणि सगळ्या गाड्या आधीच गेल्यात.

बरं. पण त्याला तोड आहे. चांगल्या तिथीला भाताचा कुकर आधी नेऊन ठेवला की घर हललं असं धरतात. बाकीचं सामान मग कधी का येईना. माझ्या सासूनेही असंच केलं होतं. उद्या दहावी तिथी आहे.

फ्रिजची जागा मोजायला मेंगशेठनी दाराच्या कुलपाचे आकडे सेबोमला दिले होते, ते दाबले की दार उघडतं. ते माझ्याकडे आहेत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

गेले!

कुकरात तांदूळ भरले — रिकामा कुकर नेत नाहीत. वर शाल गुंडाळून मांडीवर. बसमध्ये शेजारची पोरगी म्हणाली, आजी, बाळ झोपलंय का? म्हटलं, हो, आवाज करू नकोस. नुरुंजी पिशवीत. त्याला न्यायचं ठरलं नव्हतं, पण त्यालाही घर दाखवायला नको का? राहायचं तर दोघांना आहे.

वर ह्वांग बाईंच्या खिडकीला पडदा होता. चोरासारखी आत गेले. माझ्याच घरात! म्हणजे होऊ घातलेल्या. आधी कुकर आत, मग मी, मग नुरुंजी. कुकर सिंकखालच्या कपाटात ठेवला. मग चारी कोपऱ्यांत मीठ टाकलं, आमच्या बेटाचं जाडं ओलसर मीठ, मूठ-मूठ भरून. तोंडाने म्हटलं, जे काही असेल ते निघून जा, इथे आता बाळ येणार आहे खेळायला.

नुरुंजी मात्र कसंसंच करत होता. आतल्या खोलीच्या दाराशी बसून राहिला. ओढला तरी येईना.

निघताना निळ्या दाराशी थांबले नाही. सेबोमने पकडलं असतं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आज कुकर नाही, भात पातेल्यात. करपला. नुरुंजीला त्याच्याच नावाचं खायला मिळालं, खूश!

२७ नोव्हेंबर, सोमवार

मेंगशेठचा फोन. 'आजी, तुम्ही कुत्रं घेऊन त्या घरात गेला होतात?'

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

ह्वांग बाई झाडायला खाली उतरल्या होत्या. चारी कोपऱ्यांत भिंतीच्या पायाशी कागद ओला होऊन फुगलाय. कडेला पांढरी-पिवळी खर धरलीये. शीटवर कुत्र्याचे केस. बाई म्हणाल्या, सहीच्या आधीच मुतलं, पुढे काय करील? आता अर्ध्या भिंतीचं वगैरे काही नाही. सगळा कागद, सगळी शीट, वास काढणं — सगळं आधीच भरा. नाहीतर कुत्रं सोडून या. नाहीतर दुसरं घर बघा.

मी म्हटलं, त्याने काही नाही केलं हो शेठ.

'मग कुणी केलं? डाग कुत्र्याच्या उंचीवरच आहेत आजी.'

काय बोलू? ते मीठ आहे. बंद घराची ओल धरून सुटलं ते, कागदात चढलं. पण मीठ म्हटलं तर विचारणार, कशाला टाकलं? आणि ती बाई चर्चची. त्यांच्यात असलं काही चालत नाही. मागच्या वर्षी आमच्या बेटावरच्या पाद्रीबाईंनी जावेच्या दारावरचा ताईत दिसला म्हणून तिच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. मला तर ह्वांग बाई पायरीसुद्धा चढू देणार नाहीत. विचारल्याशिवाय घरात शिरली, तीही बाधा काढायला!

फोन ठेवला. नुरुंजी बघत होता. त्याच्या नावावर मूत लागलंय, त्याला पत्ताच नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

दीर सोक-गु आला होता. म्हणाला, कुत्र्याला माझ्या जाळ्यांच्या शेडवर बांधून टाका वहिनी, एका कुत्र्यापायी पणतू सोडता काय? बरोबरच आहे त्याचं. त्याच्या शेडवर साखळीला एक कुत्रा आहे. त्या साखळीच्या लांबीएवढी गोल जमीन उघडी पडलीये, गवत नाही तिथे.

मी म्हटलं, बघते.

ना धड बसवत ना उभं राहवत. बांधलेली खोकी सोडून पुन्हा बांधली.

३० नोव्हेंबर, गुरुवार

सेबोमने व्हिडिओ पाठवला. बाळ कुशीवर वळलं! नऊ वेळा बघितला. दहाव्यांदा बघताना रडू आलं. जाईन मी, बिनाकुत्र्याची जाईन, असं म्हणून सोक-गुला फोन लावला. उचलल्यावर विचारलं, मासळी कशी आहे यंदा? तो म्हणाला, बरी आहे. ठेवला.

२ डिसेंबर, शनिवार

ठरलं. उद्या सांगून टाकते. घर गेलं तर गेलं. पण नुरुंजीने जे केलं नाही ते त्याच्यावर नको.

३ डिसेंबर, रविवार

सगळं नीट लिहायला हवं.

मेंगशेठना फोन करून ठेवला होता. त्यांनी ह्वांग बाईंना सांगितलं. त्या चर्चमधून थेट आल्या, हातात प्रार्थनेच्या पुस्तकाची पिशवी तशीच. घरात आम्ही दोघीच. नुरुंजीला सेबोमकडे ठेवलं होतं.

बाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, बघा.

मी गुडघ्यांवर बसले. कागदाच्या कडेची पांढरी खर बोटावर घेतली नि जिभेला लावली.

'अहो! शी! वेड लागलं का तुम्हाला?'

'मीठ आहे,' मी म्हटलं. 'चाखा.'

आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिथी, कुकर, चार कोपरे, दाराचे आकडे. सिंकखालचं कपाट उघडून कुकर दाखवला, शालीसकट. म्हटलं, घर तुम्ही देऊ नका, चालेल. पण कुत्र्याने काही केलेलं नाही. शिरले मी, सांडलं मी.

मला वाटलं, आता देवाचं नाव घेऊन हाकलतात. त्यांनी पिशवी खाली ठेवली. माझ्या शेजारी बसल्या, तो इस्त्रीचा कोट घालून, जमिनीवर. बोट लावलं भिंतीला. चाखलं.

म्हणाल्या, 'मीठच आहे.' मग जराशाने, 'बाधा जावी म्हणून मी लाल चवळी टाकली होती. जुलैमध्ये. चर्चमध्ये कुणाला बोलू नका.'

मी विचारलं, का?

त्या मिठाकडेच बघत बोलल्या. या घरात इम म्हणून एक म्हातारे राहायचे. जहाजं रंगवायचे पूर्वी. एकटे, आणि एक पांढरं कुत्रं. गेल्या उन्हाळ्यात खालून वास यायला लागला. बाईंना वाटलं, कुत्र्याचाच. दारावर चिठ्ठी चिकटवली — कुत्र्याला अंघोळ घाला, माणसं राहतात वर. कुत्रं भुंकायचं. सारखं भुंकायचं. त्या वरून झाडूच्या दांड्याने जमीन ठोकायच्या.

'मग एके दिवशी भुंकणं थांबलं. मला बरं वाटलं हो. मी पडदा ओढून दुपारची झोपले. इतकी गाढ झोपले.'

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी एवढंच विचारलं, कुत्रं?

मान हलवली त्यांनी. तेही गेलं होतं.

नवा कागद, नवी शीट, वासाचं यंत्र — तीनदा आणलं म्हणे ते यंत्र. येणारे लोक सांगतात, वास नाही. बाईंना येतो. चर्चमध्ये बसल्या तरी येतो.

आमच्या बेटावर माणसं घरीच मरतात, मेल्याबरोबर अख्खी आळी गोळा होते, आधी रडते, मग जेवते. या कागदाच्या घराला अशी आळीच नाही. कुकर समोर होता. तांदूळ त्यात होतेच. उठले, धुतले, पाणी घातलं, बटण दाबलं. भात होईपर्यंत दोघी तिथेच बसलो. मग झाकणावरच काढून घेतला, बरोबर काही नव्हतं, नुसता खाल्ला. बाईंनी दोनदा घेतला.

उठताना म्हणाल्या, 'आता तुम्हीच नको म्हणाल. कळलं तर कोण राहतं? म्हणून मी सांगत नव्हते, ताई.'

ताई म्हणाल्या.

४ डिसेंबर, सोमवार

सेबोमला सांगितलं. ती ओरडलीच, त्या घरात माझं बाळ पाय ठेवणार नाही, आणि तूही नाही, मी नोकरी सोडते. मग रडली. मग बाळ रडलं. फोनवर तिघं रडलो.

मी म्हटलं, बाळा, ऐक. तू जन्मलीस ती खोली आठवते? तिथेच तुझे पणजोबा गेले होते. तुझा पहिला ओरडा त्याच भिंतीने ऐकला. ती नाक ओढत राहिली.

पण खरं सांगू का वहीला? मलाही रात्रीचा विचार येतोच. इम म्हाताऱ्यांचा नाही. माझा. वर कुणी तरी पडदा ओढून झोपलेलं, आणि खाली माझा नुरुंजी ओरडतोय, आणि त्याला दोनदा समज मिळून चुकलीये.

दुपारी सेबोमचा पुन्हा फोन. एवढंच म्हणाली, 'आजी, तू म्हणशील तसं. पण ते चौथं कलम मला नको.'

मेंगशेठना कळवलं, उद्या येते.

५ डिसेंबर, मंगळवार

सही झाली, शिक्का मारला. कागद गुडघ्यापर्यंत, शीट नखांपुरती. तिसरं कलम ह्वांग बाईंनी स्वतः रेघ मारून काढलं. चौथं मी सांगितलं, मेंगशेठनी लिहिलं, मी बोट ठेवून वाचून बघितलं —

कुत्रं भुंकत राहिलं तर घरमालकिणीने खाली यायचं, दार उघडून आत यायचं. वास यायची वाट बघायची नाही.